न नोंदलेल्या फेऱ्या

न्यायालयात शिरताना लोक समोरच्या रुंद पायऱ्या चढतात. न्यायालय चालतं ते मात्र मागच्या दाराशेजारच्या, जिन्याखालच्या एका खोलीतून. तिथे नाझर बसतो. वीजबिल भरायचं, साक्षीदारांना भत्ता द्यायचा, मोडक्या खुर्च्या दुरुस्तीला धाडायच्या, वर्षाचं अंदाजपत्रक करून राजधानीतल्या मुख्य कचेरीला पाठवायचं, ही सगळी त्याची कामं. पंखा बंद पडला की सगळे त्याच्याच नावाने खडे फोडतात. या न्यायालयात त्या खुर्चीवर एक बाई बसतात. न्यायाधीशांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना नाझरबाई म्हणतात. निवृत्ती जवळ आली तशी घरची माणसंही चेष्टेने तेच म्हणू लागली आहेत.

नाझरबाईंचे वडील बाजारात तराजू दुरुस्त करायचे. काही दुकानदारांना तराजू दुरुस्त करून नको असायचा, जरासा बिघडवून हवा असायचा. वडील नाही म्हणायचे, आणि तेही चारचौघांत, मोठ्या आवाजात. त्यामुळे दुकानात गिऱ्हाईक कमी आणि घरात आईची बडबड जास्त. "नाही म्हणा, पण हळू म्हणा की," असं आई म्हणे. मुलगी हळू नाही म्हणायला शिकली. न्यायालयात कागदपत्रांच्या नकला करणारी कारकून म्हणून लागली, हिशेबाची परीक्षा दिली, पहिल्या खेपेला नापास झाली, दुसऱ्या खेपेला झाली पास. नवरा पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायला जातो. बोलायला कमी, ऐकायला बरा.

घर दुमजली आणि अरुंद. वर नाझरबाई, नवरा आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. खाली धाकटा दीर आणि जाऊ. जाऊ वकिलांचे काळे कोट शिवते, उसवलेले झगे सांधते. तिची जीभ तिच्या कात्रीइतकीच चालते. दीर न्यायालयाची गाडी चालवतो: जाळीच्या खिडक्यांची, निळी, कैद्यांना तुरुंगातून तारखेला आणणारी आणि परत नेणारी. ही नोकरी वहिनीच्या वशिल्याने मिळाली असं अख्खी गल्ली मानते. खरी गोष्ट अशी, की त्याची चाचणी होती त्या दिवशी नाझरबाईंनी रजा टाकली होती आणि तो निवडला गेला हे त्यांना जावेकडून कळलं. पण गल्लीला हे सांगत कोण बसणार?

दिराची जागा कायम नाही. दर वर्षी नूतनीकरण. त्याचा पगार आणि गाडीचं इंधन 'कैदी-वाहतूक' या शीर्षातून येतं. शीर्ष म्हणजे अंदाजपत्रकातला एक डबा. एका डब्यातला पैसा दुसऱ्यात टाकता येत नाही. टपालाचे पैसे उरले म्हणून खिडकीची काच बसवता येत नाही. उरलेला पैसा वर्षअखेरीला सरकारजमा होतो, आणि पुढच्या वर्षी तेवढी कात्री लागते: "गेल्या वर्षी लागले नाहीत, म्हणजे लागत नाहीत." म्हणून सगळी न्यायालयं वर्षाच्या शेवटच्या आठवड्यांत खरेदीला निघतात. या न्यायालयाच्या तळघरात कोरी कपाटं आहेत, वेष्टनातली. आधीच्या नाझरसाहेबांनी ती घेतली, कारण 'फर्निचर' शीर्षात पैसे होते. कपाटांत ठेवायचे कागद मात्र वरच्या मजल्यावर, गळक्या छपराखाली. तळघरात ओल, म्हणून तिकडे नेता येत नाहीत. आणि छपरासाठी शीर्षच नव्हतं.

अशात मुख्य कचेरीने एक योजना काढली. जे न्यायालय नवं तंत्र वापरून खर्च कमी करून दाखवील, त्याला बचतीचा अर्धा वाटा इमारतीच्या दुरुस्तीसाठी ठेवता येईल. नाझरबाईंनी ते परिपत्रक दोनदा वाचलं आणि छपराच्या कंत्राटदाराला फोन केला. इतकी वर्षं पैसे वाचवणं म्हणजे शिक्षा होती. आता पहिल्यांदा त्याचा उपयोग होणार होता.

समन्स फोनवर जाऊ लागले, टपाल घटलं. दावे संगणकावर दाखल होऊ लागले, कागद घटला. त्यातून वाचले ते फुटकळ. मोठा खर्च होता गाडीचा. तुरुंग नदीपलीकडे, आणि निम्म्याहून अधिक कैदी यायचे ते फक्त पुढची तारीख ऐकायला. न्यायाधीशांसमोर उभं राहायचं, तारीख ऐकायची, परत गाडीत. मग पडदा आला. एक कॅमेरा आणि पडदा न्यायालयात, एक जोडी तुरुंगात.

पहिल्या दिवशी तुरुंगातल्या खुर्चीत एक चोरीचा आरोपी बसला. न्यायाधीशांनी विचारलं, "मी दिसतोय का?"

"टक्कल दिसतंय, साहेब," तो म्हणाला. "खालचं काही दिसत नाही."

कॅमेरा खाली केला. मग साहेब दिसले, पण त्यांची टिप्पणं लिहिणारा कारकून अर्धा कापला गेला. वकील कुरकुरले की अशिलाशी कानात बोलता येत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा फोन बसवला. हळूहळू घडी बसली. तारखा भराभर उरकू लागल्या, बाकीच्या सुनावण्याही पडद्यावरच घेतल्या, आणि पडद्याच्या चाचणीचे तीन महिने गाडी अंगणातच उभी राहिली. दीर रोज ती पुसायचा, चालू करून बंद करायचा.

खालच्या मजल्यावर याची दखल लगेच घेतली गेली.

"ताई," जाऊ एकदा जिन्यात म्हणाली, "तुमचा टीव्ही छान चाललाय म्हणे."

"टीव्ही नाही तो."

"तेच ते. ह्यांना मी म्हटलं, तुम्हीही पडद्यावरच जेवा आता. तेवढाच घरात खर्च कमी."

नाझरबाई जिना चढून वर गेल्या. अंदाजपत्रकाचा मसुदा तयार होत होता आणि त्यात चालकाची जागा 'आवश्यकता नाही' या रकान्यात जायची होती, हे जावेला माहीत होतं. न्यायालयातली बातमी वकिलांच्या कोटांबरोबर तिच्या मशीनपर्यंत येते.

नवऱ्याने एवढंच विचारलं, "दुसरीकडे कुठे लावता येईल का त्याला?"

"माझ्या हातात नाही. आणि असतं तरी लावलं नसतं."

"माहीत आहे," नवरा म्हणाला. "विचारलं आपलं."

दिराने शाळेच्या बसवाल्याकडे चौकशी केली होती. तिथे त्याच्याहून निम्म्या वयाचे ड्रायव्हर रांगेत होते.

गाडी उभी राहून महिना-दीड महिना झाला तेव्हा न्यायालयात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. अपिलं तहकूब होऊ लागली. खालच्या न्यायालयाचे कागद आले नाहीत, म्हणून तारीख. पुन्हा आले नाहीत, म्हणून पुन्हा तारीख. एका खटल्यात मोहोरबंद मुद्देमाल पोचला नाही आणि लांबून आलेला साक्षीदार तसाच परत गेला. त्याचा भत्ता मात्र द्यावा लागला. न्यायाधीशांनी नाझरबाईंना बोलावून विचारलं, "नदीपलीकडचं कोर्ट झोपलंय का?"

नदीपलीकडे, तुरुंगाच्या वाटेवर, एक छोटं न्यायालय आहे. नाझरबाईंनी तिथल्या लिपिकाला फोन लावला.

"कागद बांधून ठेवलेत हो," तो म्हणाला. "गाडीच येत नाही."

नाझरबाईंनी फोन ठेवला. त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणूनच कुणाला आठवलं नव्हतं. गाडी संध्याकाळी कैद्यांना तुरुंगात सोडायची आणि रिकामी परतायची. रिकामी कशाला यायची, म्हणून वाटेतल्या न्यायालयापाशी थांबायची. तिथून अपिलाचे गठ्ठे यायचे, मुद्देमालाच्या पेट्या यायच्या. सकाळी जाताना इथून मुद्रांक, कोरे कागद, छपाईची शाई जायची. गुडघे दुखणारा तिथला लिपिकही कधी पहारेकऱ्याशेजारी बसून यायचा. नियमाप्रमाणे ती गाडी आणि तिचं इंधन फक्त कैद्यांसाठी. त्यामुळे गाडीच्या नोंदवहीत वर्षानुवर्षं एकच ओळ: तुरुंग ते न्यायालय, न्यायालय ते तुरुंग. खाली चालकाची सही, त्याखाली नाझरची. आधीच्या नाझरसाहेबांनी कारभार सोपवताना नाझरबाईंना सांगितलं होतं, "गाडी येतेच आहे ना त्या रस्त्याने? मग लिहायचं कशाला?" हे बाईंना पटलं होतं. सरकारचा खर्च वाचतच होता की.

आता तो हिशेब उलटा झाला होता. कागदावर गाडीला कैद्यांखेरीज काम नव्हतं. कैदी पडद्यावर गेले, म्हणजे गाडीला कामच उरलं नाही. प्रत्यक्षात ती रोज आणखी एक काम करत होती, ते कुठल्याच कागदावर नव्हतं. मोहोरबंद मुद्देमाल टपालाने पाठवता येत नाही. खास माणूस आणि वाहन लागतं. ते भाड्याने घ्यायचं तर बचतीचा बराच भाग त्यातच जाणार. मुख्य कचेरीला कळवलेला बचतीचा आकडा चुकलेला होता, आणि तो नाझरबाईंनी स्वतः काढला होता.

मुख्य लिपिक त्यांच्याच खोलीत बसतात. स्वभावाने गोड, नियमाने लवचिक.

"सोपं आहे, बाई," ते म्हणाले. "चालकाची जागा सोडा. पुढल्या वर्षी कागद-पेट्या आणायला खास जासुदाची नवी मागणी करा. छपराचे पैसे पदरात, कागदही येतील. सुंठीवाचून खोकला गेला."

"आणि ते विचारतील, आतापर्यंत कागद कसे यायचे?"

"टपालाने, म्हणायचं."

"पेट्या?"

"त्याही टपालाने. पेट्या लहान होत्या म्हणायचं."

"एका पेटीत कुऱ्हाड होती."

मुख्य लिपिकांनी चहाचा घोट घेतला. "लहान कुऱ्हाड," ते म्हणाले.

दुसरा रस्ता खरं लिहिण्याचा होता. गाडीचं दुसरं काम अंदाजपत्रकात मांडायचं आणि त्यासाठी ती राखा म्हणायचं. पण हे लिहिणं म्हणजे इतकी वर्षं गाडी नियमाबाहेर वापरली हे आपल्याच सहीने कबूल करणं. लेखापरीक्षक त्याचीच वाट पाहत असतात. नाझरबाईंवर ठपका आला असता, ते त्यांनी गृहीत धरलं होतं. अडचण अशी, की नोंदवहीतली पहिली सही चालकाची होती. कायम नसलेल्या चालकाला काढायला चौकशीही लागत नाही. खरं लिहिलं तर गाडी वाचेल आणि चालक जाईल, असंही होऊ शकत होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

रविवारी दुपारी त्या खाली गेल्या. दीर रेडिओ उघडून बसला होता. जाऊ कोटाची बाही उलटवत होती. नाझरबाईंनी सगळं सांगितलं, जसं कचेरीत सांगतात तसं, क्रमाने.

दिराने रेडिओची सुटलेली तार बाजूला ठेवली. "म्हणजे न लिहिलं तर मी नक्की जातो," तो म्हणाला.

"हो."

"आणि लिहिलं तर कदाचित जातो."

"कदाचित जाता. आणि मग चुकीच्या नोंदीचा शेरा घेऊन जाता. शाळेची बसही मिळणार नाही."

"मी थांबवायचो ती गाडी, वहिनी. तिकडचा लिपिक हात करायचा. तुम्ही कुठे होतात?"

"माझी सही आहे खाली."

"ती तर बिलावरही असते," दीर म्हणाला. "सह्या करणं हेच तुमचं काम."

जावेने दोरा दाताने तोडला. "ताई, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही रजा घेतलीत, ह्यांच्या परीक्षेला. मला फार राग आला होता. वाटलं, बाईला आपलं नाव राखायचंय."

"राखायचंच होतं."

"मग आज कशाला विचारायला आलात? लिहून मोकळ्या व्हायचं होतं."

"नाव भाऊजींचं जाणार आहे, म्हणून विचारते. ते नको म्हणाले तर लिहिणार नाही. टपालाचंही लिहिणार नाही. जागा जाईल, एवढंच."

जावेने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "त्या पेट्यांची पोच असायची. प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या घेऊनच पेटी गाडीत ठेवायचो. एकही हरवली नाही. हेही लिहाल?"

"लिहीन."

"मग लिहा," दीर म्हणाला.

"आणि काढलं ह्यांना, तर कोट शिवायला बसवते," जाऊ म्हणाली. "काजं घालायला माणूस हवाच आहे मला. पगार मात्र माझ्या मर्जीने."

मसुदा न्यायाधीशांकडे गेला. ते सावध गृहस्थ आहेत. बढतीची यादी लागायची होती. त्यांनी पान वाचलं, पेन खाली ठेवलं.

"ही ओळ काढा, नाझरबाई. आपणहून कशाला विंचवाच्या बिळात हात घालायचा?"

"काढली तर बचतीचा आकडा खोटा ठरतो, साहेब. तो तुमच्या सहीने जाईल."

"तुम्ही आधी तोच आकडा दिला होता."

"हो. चुकला होता. तेही खाली लिहिलंय."

साहेबांनी खाली वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "मी बदलून आलो तेव्हा माझी दोन कपाटं आणि आईची खाट या गाडीतून आली होती. ते यात धरलंय?"

"नाही. हे कचेरीच्या कामाचं निवेदन आहे. ती खाट कचेरीच्या कामाची नव्हती."

साहेब हसले नाहीत. पण त्यांनी एक कागद ओढला आणि त्या फेरीचं इंधन आपल्याकडून वसूल करावं असं दोन ओळींत लिहून तो मसुद्याला जोडला. मग सही केली. मुख्य लिपिकांनी ही गोष्ट नंतर कितीतरी जणांना सांगितली, दर वेळी खाट थोडी मोठी करून.

मुख्य कचेरीचं उत्तर यायला हिवाळा उलटला. तोवर अपिलं तुंबली होती, आणि वकील पडद्यालाच शिव्या देत होते, जरी पडद्याचा त्यात दोष नव्हता. दीर महिन्याच्या मुदतवाढीवर काम करत होता. जाऊ खरोखरच त्याला काजं घालायला शिकवत होती आणि त्याची काजं वाकडी येत होती.

पत्र कोरडं होतं. नाझर यांनी वाहनाच्या अनधिकृत वापराबाबत खुलासा करावा. खुलासा होईपर्यंत त्यांची वार्षिक वेतनवाढ रोखण्यात येत आहे. पडद्यावरील सुनावणी चालू ठेवावी. वाहन 'कैदी-वाहतूक' शीर्षातून काढून 'अभिलेख व मुद्देमाल' अशा नव्या शीर्षाखाली घ्यावे, आठवड्यातून ठरावीक फेऱ्या कराव्यात, प्रत्यक्ष हजेरी आवश्यक असलेल्या कैद्यांना त्याच फेऱ्यांत आणावे. चालकाने मुद्देमालाची पोच घेण्याची पद्धत पाळल्याचे दिसून येते; सबब त्याच्या जागेचे एका वर्षासाठी नूतनीकरण करण्यात येत आहे. बचतीचा सुधारित आकडा मान्य.

सुधारित आकड्याच्या निम्म्यात छपराचा पूर्वेकडचा भाग तेवढा झाला. पश्चिमेकडचे गठ्ठे पूर्वेला हलवले. वेतनवाढ खुलाशानंतरही सुटली नाही. निवृत्तिवेतनावर तिचा परिणाम होईल. नाझरबाईंनी तो हिशेब करून नवऱ्याला दाखवला. त्याने कागद पाहिला, घडी घातली आणि म्हणाला, "बरं."

खाली जावेने दोन दिवस कुणाशीच भांडण केलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने नाझरबाईंचा जुना कोट मागून नेला आणि नवं अस्तर लावून वर पाठवला. शिवणावळीचा विषय काढला तेव्हा म्हणाली, "असू दे. तुमच्या वेतनवाढीतून द्या."

नव्या शीर्षाखालच्या पहिल्या आठवड्यातच नदीपलीकडच्या लिपिकाचा फोन आला.

"तुमचा ड्रायव्हर फार शेफारलाय, बाई. एक मोडकी खुर्ची तिकडे दुरुस्तीला द्यायची होती. म्हणाला, पत्र असेल तर नेतो. इतकी वर्षं मुकाट्याने न्यायचा."

"बरोबर म्हणाला. पत्र द्या."

"एका खुर्चीसाठी?"

"हो."

"त्यावर जावक क्रमांकही घालायचा?"

"घालायचा."

पुढच्या फेरीला खुर्ची आली. सोबत पत्र होतं, तीन शिक्क्यांचं, प्रत माहितीसाठी न्यायाधीशांना. दिराने ते नाझरबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि खुर्ची भिंतीला टेकवली.

"वहिनी, खुर्चीपेक्षा पत्रच जड झालंय."

नाझरबाईंनी आवक शिक्का मारला, खुर्चीचा मोडलेला पाय हलवून पाहिला आणि सुताराला चिठ्ठी लिहायला घेतली.